एक सेकंद मागे

बाळाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणे. लंब्याला रोज सकाळी साडेपाचला जे पाय दिसायचे ते बाळाचेही नव्हते आणि पाळण्यातही नव्हते. ते एका माजी राष्ट्राध्यक्षाचे होते. स्टुलावर टॉवेल, टॉवेलवर ते पाय, आणि त्यांच्यापासून वीतभर अंतरावर लंब्याचं नाक.

आणि काय ते पाय! डाव्या अंगठ्याचं नख काळंनिळं होऊन अर्धं सुटलेलं. टाचांना भेगा. बोटांच्या बेचक्यांत पांढरी, भिजल्या कागदासारखी कातडी. वास असा की पोटातलं घशाशी यावं. लंब्याने श्वास रोखून त्या बेचक्यांत व्हॅसलीन चोळायचं, फोड येईल असं वाटेल तिथे पट्टी चिकटवायची आणि वर विचारायचं, ‘साहेब, जास्त घट्ट नाही ना?’ सरकारने त्याच्या कमरेला पिस्तूल लटकवलं होतं ते साहेबांचा जीव राखायला. हा राखत होता साहेबांची नखं.

नखं राखायची, हे मी उगाच म्हणत नाही. मॅरेथॉन धावणाऱ्यांची नखं गळतात. बेचाळीस किलोमीटर बुटात आपटून बोटांची पार वाट लागते. बाकीचे लोक गळलेलं नख कचऱ्यात टाकतात. साहेबांनी बरणी केली होती. अभ्यासिकेत, पदकांच्या शेजारी, काचेची छोटी बरणी, आत अकरा नखं, वर चिठ्ठी: ‘जिद्दीची किंमत’. येईल त्याला दाखवायचे. एकदा एका पाहुण्या बाईंना वाटलं सुकामेवा आहे. त्यांनी हात पुढे केला, आणि साहेबांनी त्यांना अडवण्याऐवजी कौतुकाने झाकण उघडून दिलं. शी!

साहेब दोनदा निवडून आले, तिसऱ्यांदा आपटले. लोकांनी घरी बसवलं, तर हा गडी घरी बसेना. अठ्ठावन्नाव्या वर्षी बूट आणले आणि धावायला लागले. बुटांपाठोपाठ पुस्तकं आली. पहिलं होतं ‘मी आणि देश’. दुसरं ‘देश आणि मी’. तिसरं नुसतंच ‘मी’. तिसऱ्यापर्यंत देशाला धाप लागली असावी. तिन्ही पुस्तकं लिहिली लेखनिकाने. साहेब बोलायचे, लेखनिक लिहायचा, आणि साहेब जे बोललेच नाहीत तेही लिहायचा. त्याला पगार त्याचाच होता.

लंब्याला या नोकरीत आणलं त्याच्या भाऊजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्याने. भाऊजी साहेबांच्या रक्षकांमधले सगळ्यात जुने. अंगाने बुटके, गोटीसारखे घट्ट, कधी आवाज चढवायचे नाहीत. साहेब धावायला निघाले की भाऊजी उजवीकडे आणि लंब्या मागे एक पाऊल. नियम दोनच, पण ते घोटून घोटून अंगात भिनवलेले. पहिला: साहेबांच्या पुढे जायचं नाही. दुसरा: रक्षक थांबत नाही. सोबतचा पडला, ठेचकाळला, काहीही झालं तरी दुसऱ्याने मागे वळायचं नाही, कारण पडणं हा कुणा हल्लेखोराच्या डावाचा भाग असू शकतो. पडलेल्याला बघायला मागून गाडी असते. गाडीत डॉक्टर असतो. म्हणूनच ती गाडी असते.

आणि ताई? ताई मैदानावर वेळ घेणारी. शर्यत सुटली की हातात घड्याळ, शर्यत संपली की कागदावर आकडा. भाऊजी तिला भेटले तेच मुळी शेवटच्या रेषेवर. लग्नानंतर एकोणीस वर्षं तिने त्यांची वही ठेवली. भाऊजी धावून दारात आले की मनगटावरचं घड्याळ बंद करायचे, आकडा सांगायचे, आणि मगच बूट काढायचे. ताई लिहायची. ‘वहीत नाही ते धावलोच नाही,’ असं भाऊजी म्हणायचे. लंब्या त्यावरून दोघांची खूप टर उडवायचा. नवरा घरी आला की बायका पाणी विचारतात, आमची ताई सेकंद विचारते, म्हणायचा.

त्या वहीत एक ओळ रिकामी होती. तारीख लिहिलेली, पुढे ‘मॅरेथॉन’ लिहिलेलं, आणि त्याच्यापुढे काहीच नाही. त्या दिवशी भाऊजी दारात आले नाहीत.

चौदा महिने झाले त्याला. साहेबांची तिसरी मॅरेथॉन. त्यांना चार तासांच्या आत संपवायची होती, कारण त्यांच्या जागी निवडून आलेल्या माणसाने कुठेतरी चार तास दोन मिनिटं लावली होती. एवढ्यासाठी हो! एवढ्यासाठी ऊन डोक्यावर येईपर्यंत तिघं तोंडाला फेस येईस्तोवर पळत होते. बत्तिसाव्या किलोमीटरला, पुलाच्या उताराशी, भाऊजींचा पाय वाकडा पडला. मग दुसरा. लंब्याला उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यात दिसलं, की ते बसले नाहीत, पडले. डोकं रस्त्यावर आपटल्याचा आवाजही त्याने ऐकला.

साहेबांनी मान वळवली. पाहिलं. मागची पांढरी गाडी हळू झाली होती, डॉक्टरने दार अर्धं उघडलं होतं. साहेबांनी धावता धावताच हात वर करून दोन बोटं पुढे हलवली: चला. गाडी हळूच राहिली तेव्हा ओरडले, ‘माझ्या मागे राहा! वेळ जातोय!’ दार बंद झालं. गाडी भाऊजींना वळसा घालून पुढे आली.

आणि लंब्या? तो थांबला नाही. नियम होता, हे खरं. पण त्या क्षणी त्याला नियम आठवला नव्हता. साहेब ओरडले आणि याचे पाय पळाले, एवढंच झालं. मागून भाऊजींनी एकदा हाक मारली, ‘लंब्या!’ ती त्याने स्वच्छ ऐकली. याने मान खाली घातली आणि साहेबांच्या पाठीवरच्या घामाच्या डागाकडे बघत दहा किलोमीटर पळाला. शेवटच्या रेषेवर साहेबांनी त्याला घामेजली मिठी मारली. तीन तास अठ्ठावन्न मिनिटं! तोवर भाऊजी गेले होते.

ताईने दवाखान्याच्या ओसरीत विचारलं, ‘तू होतास ना रे जवळ?’

‘नाही गं ताई,’ तो म्हणाला. ‘मला पुढच्या वळणावर रस्ता बघायला पाठवलं होतं. मला नंतर कळलं.’

खोटं तोंडातून कसं लोण्यासारखं निघालं. ताईने मान हलवली. दवाखान्याने भाऊजींचं घड्याळ एका पिशवीत घालून दिलं होतं. बॅटरी संपून ते बंद पडलं होतं, आतले आकडे पुसले गेले होते. ताईने ते तीन दुकानांत दाखवलं. काही निघालं नाही. तिला रडताना लंब्याने पाहिलं ते तेव्हा. प्रेताजवळ ती रडली नव्हती, तिसऱ्या दुकानाच्या पायरीवर रडली.

तीन आठवड्यांनी साहेबांच्या कार्यालयात एक पत्र आलं. आलेला प्रत्येक लिफाफा आधी रक्षकाने उघडून बघायचा, अशी पद्धत. म्हणून ते लंब्याच्या हातात पडलं. लिहिणारी एक शिंपीण होती. गल्लीत शिलाईचं दुकान, पहिल्यांदाच मॅरेथॉन धावत होती, ती त्या दिवशी यांच्या मागून येत होती. तिने लिहिलं होतं:

‘तुमच्या पडलेल्या माणसाजवळ मी थांबले होते. त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले. घरच्यांचा पत्ता मला माहीत नाही म्हणून तुम्हाला लिहिते. तो शुद्धीवर होता. तो म्हणाला, माझं घड्याळ बंद करा, बायको वहीत लिहिते. मी बटण दाबलं. तीन तास, चार मिनिटं, बारा सेकंद. त्याने आकडा माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतला. कृपा करून त्याच्या बायकोला सांगा. मदत यायला अकरा मिनिटं लागली. तोवर तो गेला. आणि एक लिहिल्याशिवाय राहवत नाही. डॉक्टरची पांढरी गाडी होती, ती बाजूने निघून गेली. पुढच्या दोघांपैकी एकाने हात हलवून तिला नेलं आणि दुसऱ्याने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. ते कोण होते मला माहीत नाही, पण त्यांना रात्री झोप येऊ नये असं मला वाटतं.’

खाली तिचा पत्ता होता आणि ‘उत्तर कळवा’ असं होतं.

लंब्याने ते पत्र साहेबांच्या सचिवबाईंना नेऊन दिलं. बाईंनी वाचलं, चष्मा काढून पुसला, आणि म्हणाल्या, ‘हे कुणाला दाखवायचं नाही. तुझ्याचकडे ठेव, कपाटात कुलूप लावून.’ तेवढ्यात लेखनिक आला. त्याने बाईंच्या खांद्यावरून ते वाचलं आणि मोबाइल काढून त्याचा फोटो घेतला. ‘काय तपशील आहेत,’ तो म्हणाला. भाजीवाल्याकडे कोवळी भेंडी दिसल्यावर माणूस म्हणतो ना, तसं म्हणाला.

पत्र लंब्याच्या कपाटात गेलं. ताईला आकडा हवा होता आणि आकडा त्याच्याकडे होता. नुसता आकडा सांगावा म्हटलं तर ती विचारणार, तुला कसा कळला? पत्र दाखवावं तर ते शेवटचं वाक्य. दर रविवारी तो तिच्याकडे जायचा, चहा प्यायचा, टेबलावरची वही बघायचा आणि परत यायचा. आज सांगू, उद्या सांगू करता करता चौदा महिने गेले. स्वतःची त्याला इतकी किळस यायची की साहेबांचे पाय त्यापुढे बरे वाटायचे.

मग चौथं पुस्तक आलं. नाव काय, तर ‘थांबलो म्हणून जिंकलो’.

नववं प्रकरण सचिवबाईंनी छापायच्या आधीच ताईकडे पाठवलं. रविवारी लंब्या गेला तेव्हा ताई ती पानं हातात घेऊन बसली होती. चेहरा कसा धुतल्यासारखा झाला होता.

‘ऐक,’ ती म्हणाली आणि वाचायला लागली. ‘“मी थांबलो. लोक म्हणाले, वेळ जाईल. मी म्हणालो, जाऊ दे. रस्त्यावर बसून मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. अकरा मिनिटं तो माझ्याकडे पाहत होता. त्या अकरा मिनिटांत मी जे शिकलो ते दोन कारकिर्दींत शिकलो नव्हतो.”’

लंब्याने मनात पत्र ताडून पाहिलं. मांडी शिंपिणीची! अकरा मिनिटं शिंपिणीची! मेलेल्या माणसाच्या डोक्याखालून दुसऱ्याची मांडी काढून स्वतःची सरकवली, आणि लाज? लाज कशाशी खातात ते त्या माणसाला ठाऊक नव्हतं. घड्याळाचं मात्र प्रकरणात काही नव्हतं. साहेबांना ते किरकोळ वाटलं, असं नंतर लेखनिक म्हणाला.

‘मी त्या माणसाला मनातून काय काय बोलले होते रे,’ ताई म्हणाली. ‘निदान हे एकटे नव्हते. कुणीतरी हात लावला. प्रकाशनाला बोलावलंय मला. पहिली प्रत माझ्या हातात देणार आहेत. मी जाणार. दोन शब्द बोलणार, आभाराचे.’

‘आभाराचे?’

‘मग? माणसाने चांगलं केलं तर म्हणू नये?’

आता सांग, लंब्या. आता नाही तर कधी? पण ताई चौदा महिन्यांनी पहिल्यांदा हसली होती. तो चहा न पिताच उठला. जिन्यात त्याला उलटी झाली. पायपुसण्यावर. ते त्याने नळावर नेऊन धुतलं.

आठवड्याने लेखनिकाने त्याला पुस्तकाची शेवटची पानं दिली. ‘हे आकडे तू तपास बाबा. आपल्याला यातलं ओ की ठो कळत नाही.’

मॅरेथॉनमध्ये प्रत्येकाच्या बुटाला एक चिप बांधतात. दर पाच किलोमीटरला रस्त्यावर रबरी चटई असते. तिच्यावर पाय पडला की वेळ नोंदली जाते, सेकंदासकट, आणि तिला कुणाची ओळखदेख नसते. पुस्तकाच्या शेवटी तोच तक्ता छापला होता. तीन ओळी. वर साहेब, खाली लंब्या, त्याखाली भाऊजी.

‘आमच्या वेळा कशाला?’ लंब्याने विचारलं.

‘साहेबांचा हट्ट. म्हणाले, वीस वर्षांनी लहान पोरं, सरकारने तयार केलेली, आणि प्रत्येक चटईवर माझ्या मागे! हे लोकांना दिसलं पाहिजे.’

आता बोला! मागे राहण्याचा ज्याला पगार मिळतो त्याला आपण हरवलं, असं या माणसाला मनापासून वाटत होतं. साहेब पाच किलोमीटरला अठ्ठावीस मिनिटं आणि वर काही सेकंद घेत होते, लंब्या प्रत्येक ठिकाणी एखाद-दुसरा सेकंद मागे. भाऊजींची ओळ तिसाव्या किलोमीटरपर्यंत होती. पुढे नुसत्या आडव्या रेघा.

आणि तीस ते पस्तीस? जिथे साहेब अकरा मिनिटं रस्त्यावर बसले होते? सत्तावीस मिनिटं पन्नास सेकंद. अख्ख्या शर्यतीतले सगळ्यात जलद पाच किलोमीटर. लंब्या: सत्तावीस एक्कावन्न.

एका हाताने दयेचं श्रेय घ्यायचं आणि दुसऱ्या हाताने वेळही सोडायची नाही, असं झालं होतं. लेखनिकाला आकड्यांची भाषा येत नव्हती आणि साहेबांना दुसरी कुठली येत नव्हती. दोघांपैकी कुणी नववं प्रकरण आणि हा तक्ता शेजारी ठेवून पाहिलाच नव्हता.

लंब्याच्या हातात लाल पेन होतं. लेखनिकाला एक शब्द सांगितला असता तर सगळा तक्ता उडाला असता. ते नाही तर निदान स्वतःच्या ओळीवर एक रेघ मारता आली असती. ताई कुठलंही पुस्तक मागून उघडते, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत? आधी आकडे, मग गप्पा, हे तिचं ठरलेलं. तिने हा तक्ता पाहिला की झालं. पेन त्याच्या नावावर टेकलं, तिथे लाल ठिपका पडला. मग त्याने खाली ‘बरोबर आहे’ असं लिहिलं आणि सही केली.

याला कुणी धैर्य म्हणू नका. जे तोंडाने सांगायची हिंमत नव्हती ते त्याने छापखान्याच्या गळ्यात मारलं. भित्रा माणूस खरंसुद्धा असंच, दुसऱ्याच्या हातून करतो.

प्रकाशनाच्या दिवशी सभागृह खचाखच भरलं होतं. मंचावर पाच खुर्च्या, फुलं, पाण्याच्या बाटल्या, आणि मधोमध काचेच्या पेटीत, देवाशपथ, ती नखांची बरणी. लंब्या साहेबांच्या खुर्चीमागे उभा होता, एक पाऊल. कोटाच्या आतल्या खिशात शिंपिणीचं पत्र होतं. सकाळी कपाटातून काढून का ठेवलं, त्यालाच सांगता आलं नसतं.

साहेब चाळीस मिनिटं बोलले. ‘धावताना मी कधी मागे पाहत नाही,’ असं म्हणाले, टाळ्या घेतल्या, आणि पाच मिनिटांनी ‘पण त्या दिवशी मी मागे पाहिलं’ असं म्हणून पुन्हा घेतल्या. डोळे पुसले. डोळे कोरडे होते, लंब्याला बाजूने दिसत होतं. मग ताईला बोलावलं. साधी निळी साडी, खांद्याला पर्स, हातात आभाराचे दोन शब्द लिहिलेला कागद. साहेबांनी तिच्या हातात पहिली प्रत दिली, दुसरा हात तिच्या डोक्यावर ठेवला आणि छायाचित्रकारांकडे तोंड केलं.

ताई माइकसमोर आली. पर्समधून चष्मा काढला. आणि एकोणीस वर्षांची सवय, तिने पुस्तक मागून उघडलं.

तिचं बोट तक्त्यावरून सरकताना लंब्या बघत होता. दहा. वीस. तीस. मग बोट थांबलं. परत मागे आलं. तिचे ओठ हलले, ती मनात वजाबाकी करत होती. सभागृहाला वाटलं बाईंना भरून आलंय. कुणीतरी हळूच टाळी वाजवली.

‘साहेब,’ ताई म्हणाली. आवाज अगदी रोजचा. ‘तुम्ही यांच्याजवळ अकरा मिनिटं थांबलात ना?’

‘अकरा,’ साहेब बसल्या जागेवरून गंभीरपणे म्हणाले. ‘माझ्या आयुष्यातली सर्वात मोठी अकरा मिनिटं.’

‘मग तीस ते पस्तीस तुम्ही सत्तावीस पन्नासला कसे आलात? अकरा वजा केली तर सोळा पन्नास राहतात. वयाच्या बासष्टाव्या वर्षी? माझ्या मैदानावरची पोरं सोळा पन्नासला पाच किलोमीटर धावली की त्यांना पदकं मिळतात.’

कुणीतरी खोकलं. साहेब हसले. ते हसू लंब्याला पाठ होतं, निवडणूक हरल्याच्या रात्रीही असंच होतं. ‘ताई, भावनेच्या प्रसंगी आकडे काय घेऊन बसलात? छपाईत काहीतरी...’

‘छपाईत चूक झाली तर एक आकडा चुकतो. हे सगळे जुळतात. मी बेरीज केली.’

मग ती वळली. साहेबांकडे नाही. त्यांच्या डोक्यावरून, खुर्चीमागे. लंब्याला वाटलं जमीन दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं.

‘आणि तू सत्तावीस एक्कावन्न,’ ती म्हणाली.

एवढंच. माइकमधून ते शेवटच्या रांगेपर्यंत गेलं आणि त्याचा अर्थ सभागृहात दोघांनाच कळला. ताईने पुस्तक टेबलावर पालथं ठेवलं, आभाराचा कागद चार घड्या करून पर्समध्ये टाकला आणि मंचाच्या पायऱ्या उतरून बाजूच्या दारातून बाहेर गेली.

‘जाऊ दे तिला,’ साहेब दातातल्या दातात म्हणाले. ‘दुःखाने डोकं फिरलंय बिचारीचं. तू हलू नकोस.’

नोकरीत पहिल्यांदाच लंब्याने साहेबांच्या मागची जागा सोडली. खुर्च्यांना ठेचकाळत तो दाराबाहेर आला. लांब व्हरांडा होता, टोकाला जिना. ताई भराभर चालत होती, आणि तो पळत जाऊन तिच्या मागे पोचला तसा, सवयीने, एक पाऊल मागे चालायला लागला.

‘ताई. ताई, ऐक ना. नियम होता गं तो. थांबायचं नाही असा...’

ती थांबली, पण वळली नाही.

‘नियम मला माहीत आहे. हे रोज घरी पाठ म्हणायचे. थांबला नाहीस म्हणून मी तुला कधीच काही बोलले नसते. पण तू दवाखान्यात म्हणालास, वळणावर होतो.’

 लंब्याने खिशातून पत्र काढून पुढे केलं. ताईने ते खिडकीच्या उजेडात धरून वाचलं. एकदा वाचलं, आणि मग वरच्या अर्ध्या भागाकडे परत गेली. पर्समधून पेन काढलं. वही जवळ नव्हती, म्हणून तळहातावर लिहिलं: तीन, चार, बारा.  ती भिंतीला टेकली आणि तिने तो हात मुठीत घट्ट मिटून छातीशी धरला.

मग म्हणाली, ‘दोनदा म्हणवून घेतला.’

‘हो.’

‘कधी आलं हे?’

‘तेव्हाच. तीन आठवड्यांनी.’

‘म्हणजे मी घड्याळ घेऊन दुकानं हिंडत होते तेव्हा.’

‘त्यानंतर लगेच. ताई, मी दर रविवारी...’

‘दर रविवारी माझ्या घरी चहा प्यालास.’ आता ती वळली. तिने त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर लंब्याने ओळखली. रोज सकाळी साडेपाचला, स्टुलासमोर बसून, तो स्वतः त्याच नजरेने बघायचा. ‘या बाईने उत्तर मागितलंय. चौदा महिने ती वाट बघतेय, की पोचलं का. शी! माझं सोड. तिलासुद्धा एक ओळ लिहवली नाही तुला?’

तिने पत्र पर्समध्ये ठेवलं. खाली पत्ता होता, तो आधी एकदा बोटाने वाचला. मग जिन्याकडे निघाली, आणि लंब्या तिच्या मागे.

पहिल्या पायरीवर तिने हात मागे केला, आकडा लिहिलेला नव्हे, दुसरा.

‘इथेच थांब,’ ती म्हणाली. ‘थांबता येतं ना तुला?’

ती उतरून गेली. तिच्या चपलांचा आवाज तीन मजले खालपर्यंत येत राहिला. लंब्या पायरीवर थांबला. आत सभागृहात साहेब पुन्हा बोलायला उभे राहिले होते, आणि टाळ्या सुरू झाल्या होत्या.